भाड्याच्या घरात घरफोडी झाली तर: फिर्याद कुणाची, कुलूप कुणाचं, खर्च कुणाचा?

भाड्याच्या घरात घरफोडी झाली की पोलिसांशी बोलायला बहुतेक वेळा घरमालकच पुढे होतो. तो खालच्या मजल्यावर राहत असतो, भाडेकरू सणाला गावी गेलेला असतो. गडहिंग्लजहून किंवा गारगोटीहून मिळेल त्या एसटीने तो परत येईपर्यंत दारातली गर्दी पांगलेली असते, तुटलेला कोयंडा कुणीतरी उचलून खिडकीत ठेवलेला असतो आणि "मी बोललोय साहेबांशी, बघू काय होतंय" एवढ्यावर विषय थांबलेला असतो. घर आपलं नाही, तेव्हा तक्रारीत आपण काय बोलणार, असं समजून कितीतरी भाडेकरू तिथेच गप्प बसतात. ही समजूत चुकीची आहे आणि ती फार महागात पडते.

फौजदारी कायदा घर कुणाच्या नावावर आहे हे विचारत नाही, घर कुणाच्या ताब्यात होतं हे विचारतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०३ प्रमाणे एखाद्याच्या ताब्यातली वस्तू त्याच्या संमतीशिवाय लबाडीने हलवणं म्हणजे चोरी. कलम ३२९ प्रमाणे दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत गुन्ह्याच्या इराद्याने शिरणं हा वेगळा गुन्हा. प्रॉपर्टी कार्डावर नाव मालकाचं असेल, पण कुलूप तुम्ही लावून गेला होता, कपाट तुमचं होतं, आतले दागिने आणि लॅपटॉप तुमचे होते. म्हणून चोरीचे फिर्यादी तुम्ही. दार-चौकटीच्या नुकसानीबद्दल मालकाने जबाब द्यावा, जरूर द्यावा, पण गेलेल्या वस्तूंची यादी तुमच्या तोंडून आणि तुमच्या सहीने जायला हवी.

पहिल्या काही तासांत

कुलूप तुटलेलं दिसलं की आत जाऊ नका. चोर अजून आत असू शकतो, आणि तो गेला असला तरी त्याचे ठसे आत असतात. ११२ वर फोन करा. शेजारी उठून बाहेर येऊ नयेत म्हणून चोरटे आजूबाजूच्या घरांना बाहेरून कड्या लावून ठेवतात. तसं झालं असेल तर त्या कड्या काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, कारण त्या कड्यांनाही चोराचा हात लागलेला असतो. ठसेतज्ज्ञ आणि श्वानपथक येईपर्यंत कपाटाची दारं, विस्कटलेल्या पेट्या, फोडलेलं कुलूप जागच्या जागी राहू द्या. घरच्यांना हे फार जड जातं. फरशीवर पसरलेल्या साड्या बघवत नाहीत, हात आपोआप आवरायला लागतात. तेवढा वेळ धीर धरा.

मग पंचनामा होतो. दोन पंचांसमोर पोलीस जागेचं वर्णन लिहून घेतात. या कागदाकडे लक्ष द्या, कारण पुढे विमा कंपनी, कोर्ट आणि घरमालक या तिघांशी बोलताना तोच तुमच्या उपयोगी पडतो. कोयंडा उचकटला, की चौकट फुटली, की खिडकीचा गज कापला, की कुलूप शाबूत असताना आत शिरले, हे त्यात नेमकं आलं पाहिजे. चौकटीवर कटावणीच्या खुणा असतील तर त्या बोट दाखवून सांगा. बाथरूमच्या व्हेंटिलेटरच्या काचेच्या पट्ट्या काढून भिंतीला टेकवून ठेवलेल्या असतील तर त्याही लिहायला सांगा. माणसाने ये-जा करण्यासाठी नसलेल्या वाटेने आत शिरणं, भिंत चढून शिरणं किंवा कुठल्याही प्रकारे कुलूप उघडून शिरणं, हे सगळं कलम ३३० खाली घरफोडीत मोडतं. डुप्लिकेट किल्लीने कुलूप उघडलं असेल तरीही.

एफआयआर दाखल होताना कलमं बघा. राहत्या घरातल्या चोरीला कलम ३०५ लागतं आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. चोरीसाठी केलेल्या घरफोडीला कलम ३३१(३) खाली दहा वर्षांपर्यंत, आणि सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत झाली असेल तर ३३१(४) खाली चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. या दखलपात्र गुन्ह्यांत, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलिसांना तपास करता येतो अशा गुन्ह्यांत, एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट केलं आहे. साधा अर्ज घेऊन "चौकशी करतो" म्हणणं पुरेसं नाही.

इथे एक फसगत नेहमी होते. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवलेल्या वस्तूंची ऑनलाइन नोंद करता येते आणि पोहोचही लगेच मिळते. घाईत कुणीतरी सुचवतं, "आधी ती करून टाक." ती नोंद चोरीची फिर्याद नव्हे. त्या कागदावर 'हरवले' असं येतं, तपास सुरू होत नाही, आणि विमा कंपनी तोच कागद पुढे करून दावा नाकारू शकते. चोरी झाली असेल तर चोरीचीच फिर्याद द्या.

कोल्हापूरच्या कडेच्या वस्त्यांत हद्दीचा घोळही होतो. कळंबा, पाचगाव, आर. के. नगर या भागांत घर कुठल्या ठाण्याच्या हद्दीत येतं हे शेजाऱ्यांनाही नीट माहीत नसतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याचं, कलम १७३ सांगतं की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. पुढे ती योग्य ठाण्याकडे वर्ग होते. माहिती ई-मेलसारख्या इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. नोंदवायला नकार मिळाला तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी तक्रार पाठवा, आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत तुम्हाला कळवणं ही पोलिसांची जबाबदारी आहे, कलम १९३ मध्ये तसं लिहिलं आहे.

वस्तूंची यादी पहिल्या रात्री पूर्ण होत नाही. बाळाच्या वाळ्या, सासूबाईंची ठुशी, जुना मोबाइल या गोष्टी आठवडाभराने लक्षात येतात. त्यासाठी पुरवणी जबाब असतो. ठाण्यात जाऊन तो नोंदवा, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. दागिन्यांच्या बाबतीत रकमेपेक्षा वजन आणि घडण महत्त्वाची. गुजरीतल्या सराफाकडून घेतलेल्या साजाची पावती सापडत नसेल तर दुकानातून नक्कल मिळते का ते विचारा, आणि लग्नातले ते दागिने घातलेले फोटो जोडा. पुढे सोनं सापडलं तर ओळख पटवायला हेच फोटो कामी येतात. संशयाबद्दल विचारलं तर जे पाहिलं तेवढंच सांगा. कामाला येणाऱ्या मावशी किंवा समोरच्या खोलीतला परप्रांतीय मुलगा यांचं नाव निव्वळ अंदाजाने घेऊ नका. अशा एका वाक्याने निरपराध माणसाचं आयुष्य विस्कटतं.

कार्ड, चेकबुक, मोबाइल गेला असेल तर त्याच तासाला बँकेला कळवून बंद करा. मोबाइलचा आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक हँडसेटचा स्वतंत्र ओळख क्रमांक, सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून ब्लॉक करता येतो.

दार कुणी दुरुस्त करायचं?

सगळ्यात जास्त वाद इथे होतो, आणि उत्तर तुमच्या करारावर अवलंबून आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर, घर राहण्यायोग्य आणि दुरुस्त ठेवणं हे मालकाचं कर्तव्य आहे. बंद न होणारं मुख्य दार घेऊन कुणी घरात राहू शकत नाही, त्यामुळे ही दुरुस्ती त्यात बसते. मालकाला लेखी नोटीस द्या. पंधरा दिवसांत त्याने काम केलं नाही तर भाडेकरू ते स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा एवढीच की वर्षभरात कापलेली रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त होता कामा नये. महिना आठ हजार भाडं असेल तर वर्षाचे शहाण्णव हजार, म्हणजे चोवीस हजारांपर्यंत.

पण आज बहुतेक जण अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहतात. बोलण्यात आपण त्यांनाही भाडेकरूच म्हणतो, मात्र कायद्याच्या दृष्टीने ते परवानाधारक, आणि कलम १४ चा लाभ भाडेकरूला आहे. त्यामुळे त्यांनी परस्पर भाडं कापू नये. त्यांच्यासाठी करारातलं दुरुस्तीचं कलम महत्त्वाचं. छापील करारांत बहुधा असं असतं की परवानाधारकाकडून नुकसान झालं तर त्याने ते भरून द्यावं. चोराने फोडलेली चौकट हे तुमच्याकडून झालेलं नुकसान नाही, आणि पंचनामा तेच सांगतो. डिपॉझिटमधून त्याचे पैसे कापू नयेत असं मालकाला याच आधारावर लेखी कळवता येतं.

शिवाय जुन्या इंडियन ईझमेंट्स ॲक्टमध्ये, जो १८८२ सालचा आहे, परवानाधारकासाठी दोन चांगली कलमं आहेत. कलम ५७ प्रमाणे घरातला एखादा दोष तुमच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक असेल, मालकाला तो माहीत असेल आणि तुम्हाला नसेल, तर मालकाने तो सांगितलाच पाहिजे. कलम ५८ प्रमाणे जागा असुरक्षित होईल असं काही मालकाने करू नये. आधीच्या भाडेकरूने किल्ली परत दिलीच नव्हती, मागच्या दाराची कडी तुटकी आहे, याच खोलीत पूर्वी चोरी झाली होती, अशा गोष्टी मालकाला माहीत असूनही त्याने लपवल्या असतील तर तुमची बाजू बळकट होते. म्हणून घर घेतानाच "आधीच्यांच्या सगळ्या किल्ल्या परत आल्यात का?" हे व्हॉट्सॲपवर विचारून ठेवावं. त्या एका मेसेजची किंमत नंतर कळते.

चोरीला गेलेल्या ऐवजाची भरपाई मात्र मालकाकडून मिळेल अशी आशा धरू नका. त्याचा निष्काळजीपणा आणि चोरी यांचा थेट संबंध कोर्टात सिद्ध करावा लागतो, आणि ते अवघड असतं. "माझे तीन तोळे गेले, आता सहा महिने भाडं देणार नाही" या पवित्र्याने आपलीच बाजू बिघडते.

मालकाला द्यायचं पत्र लांबलचक नको. एवढं पुरतं:

"आपल्या वरील पत्त्यावरील घरात मी करारानुसार राहतो. दिनांक … रोजी रात्री चोरट्यांनी मुख्य दाराचा कोयंडा उचकटून व चौकट फोडून आत प्रवेश केला. याबाबत … पोलीस ठाण्यात गुन्हा रजिस्टर नंबर (गु. र. नं.) … दाखल आहे. दार सध्या आतून किंवा बाहेरून बंद होत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीचा गज निघालेला आहे. ही दुरुस्ती पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत करून द्यावी. तोवर सुरक्षेसाठी मी नवीन कुलूप बसवले आहे. त्याची पावती व फोटो सोबत जोडले आहेत."

हे स्पीड पोस्टाने पाठवा आणि फोटो काढून व्हॉट्सॲपवरही टाका. मालकाशी संबंध चांगले असतील तरी पत्र द्या. आधी फोन करून "काका, कागदोपत्री असावं म्हणून पाठवतोय" एवढं सांगितलं की कुणी रागवत नाही.

करारच नसेल तर? राजारामपुरी, सायबर चौक, विद्यापीठ परिसरात कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलांची हीच अवस्था असते. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे, नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि ती न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नोंदणीकृत करार नसेल तर जागा कुठल्या अटींवर दिली होती याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे कागद नसलेला मुलगा निराधार नाही. भाडं यूपीआयने दिलं असेल तर त्या नोंदी जपून ठेवाव्यात. एकाच खोलीतल्या चौघांचे लॅपटॉप गेले असतील तर चौघांच्याही वस्तू त्याच फिर्यादीत प्रत्येकाच्या नावाने याव्यात.

कुलूप, किल्ली आणि चौकट

चोरीनंतर कुलूप बदलायला मालकाची परवानगी लागते का? त्याच रात्री उघड्या घरात झोपायचं नसेल तर बदला आणि लगेच कळवा. कुठलाही समंजस माणूस याला हरकत घेणार नाही. मालक डुप्लिकेट किल्ली मागतो तेव्हा लक्षात ठेवा की भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २८ प्रमाणे त्याला पूर्वसूचना देऊन, योग्य वेळी घराची पाहणी करता येते. तुमच्या गैरहजेरीत परस्पर आत जाण्याची मुभा त्या कलमात नाही. करारात किल्ली देण्याची अट असेल तर ती पाळावी लागेल, पण ती किल्ली कुणाकडे राहील हे लेखी ठरवून घ्या.

आता खर्च कशावर करावा याबद्दल माझं स्पष्ट मत सांगतो. आधी चौकट आणि कोयंडा, कॅमेरा नंतर. घरफोडीच्या बातम्या वाचा, 'कडी-कोयंडा उचकटून' हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. कुलूप बऱ्याचदा शाबूत असतं. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या वाड्यांत दार जाडजूड सागवानी असतं, पण कोयंडा धरून ठेवणारं लाकूड पावसापाण्याने भुसभुशीत झालेलं असतं. नव्या अपार्टमेंटमध्ये लॅच महागाचं, आणि चौकटीतली त्याची पट्टी मात्र अर्ध्या इंचाच्या स्क्रूवर टांगलेली. कटावणीचा एक हिसका बसला की स्क्रू लाकडासकट बाहेर येतात. सुताराला बोलावून कोयंड्याला आरपार नट-बोल्ट घालून घ्या, नट आतल्या बाजूला. लॅचच्या पट्टीला लांब स्क्रू मारून घ्या. जुन्या किल्ल्या कुणाकडे असतील अशी शंका असेल तर पूर्ण लॅच टाकून द्यावं लागत नाही, सिलिंडर बदलला तरी भागतं.

बाहेर लटकणारं कुलूप म्हणजे 'घरात कुणी नाही' अशी पाटीच. शक्य असेल तिथे दाराच्या आत बसणारं इंटरलॉक वापरा. गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याचं दार आणि बाथरूमच्या काचपट्ट्या बघून घ्या. चार-पाच दिवस बाहेर जाणार असाल तर दूध-पेपर बंद करा आणि दागिने लॉकरमध्ये ठेवा. लोखंडी कपाटाच्या लॉकरला बँकेचा लॉकर समजू नका, तो फोडायला मिनिटं लागतात.

खिडकीला जाळी किंवा जादा सेफ्टी डोअर बसवताना मालकाची लेखी परवानगी घ्या आणि घर सोडताना ते काढून नेणार की ठेवणार हेही ठरवा. परवानगीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केलं तर भाडेकरूला घर खाली करावं लागू शकतं, पण दार आणि जाळीकाम यांना त्याच कायद्याच्या कलम १६ च्या स्पष्टीकरणात कायमस्वरूपी बांधकामातून वगळलं आहे. "भिंतीला भोक पाडलंस, खाली कर" या धमकीला घाबरून उघड्या खिडकीत राहू नका. सोसायटीत राहत असाल तर त्याच दिवशी सेक्रेटरींना लेखी कळवा की सीसीटीव्हीचं चित्रीकरण जपून ठेवावं. चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्रात (डीव्हीआर) जागा भरली की जुनं चित्रीकरण आपोआप पुसलं जातं.

विमा, सापडलेला माल आणि उठवण्याची धमकी

भाडेकरूला घराचा नाही तरी घरातल्या सामानाचा विमा काढता येतो. एप्रिल २०२१ पासून मिळणाऱ्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीवर अनेकांचा भरवसा असतो. ती मुळात आग, पूर अशा आपत्तींसाठी आहे, आणि तिच्यात चोरी धरली जाते ती अशा आपत्तीमुळे आणि त्यानंतर सात दिवसांत झालेली. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. त्यातही पॉलिसीच्या व्याख्येत बळजबरीने प्रवेशाची अट असेल तर ती सिद्ध करावी लागते, असा सुप्रीम कोर्टाचा २००४ चा निकाल आहे. डुप्लिकेट किल्लीने झालेली चोरी फौजदारी कायद्यात घरफोडी ठरेल, विम्यात कदाचित ठरणार नाही. पंचनाम्यातल्या कटावणीच्या खुणांवर मी एवढा भर दिला तो यासाठी. चोर सापडला नाही तर पोलीस कोर्टात 'अ समरी' पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. दाव्यासाठी विमा कंपनी बहुधा ती मागते.

माल सापडला तर तो मुद्देमाल म्हणून जमा होतो आणि कोर्टाच्या आदेशाने परत मिळतो. खटला संपेपर्यंत थांबायची गरज नसते. पंचनामा, फोटो आणि बंधपत्र घेऊन दागिने लवकर परत द्यावेत असं सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये सुंदरभाई देसाई खटल्यात सांगितलं आहे.

कधी कधी चोरीनंतर मालकच म्हणतो, "तुमच्यामुळे पोलीस दारात आले, महिनाअखेर खाली करा." मुदत संपण्याआधी काढायचं असेल तर करारातली नोटीस त्यालाही पाळावी लागते. सामान बाहेर फेकणं किंवा बाहेरून स्वतःचं कुलूप लावणं हे मुदत संपल्यावरही करता येत नाही. ताब्यात असलेल्या माणसाला, त्याचा हक्क संपला असं गृहीत धरलं तरी, कायद्याच्या मार्गानेच काढावं लागतं, असा सुप्रीम कोर्टाचा १९८९ चा निकाल आहे. तो खटला मुंबईतल्या लिव्ह अँड लायसन्सच्या जागेचाच होता.

उलट तुम्हालाच तिथे राहवत नसेल, रात्री दाराचा आवाज झाला की मुलं दचकून उठत असतील, तर करारातला लॉक-इन काळ, म्हणजे ज्या मुदतीत घर सोडता येत नाही तो काळ, बघा आणि नोटीस देऊन निघा. मालकाशी मोकळेपणाने बोललात तर लॉक-इन आपसांत माफही होऊ शकतो, फक्त ते लेखी घ्या. तोवर रात्रीची गस्त वाढवावी म्हणून गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज पोलीस ठाण्यात द्या.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलात चौकशी केली की कार्यालय सापडेल. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि अपंगांना उत्पन्न न बघता तिथे मोफत मदत मिळते. जाताना एफआयआरची प्रत, पंचनाम्याची प्रत मिळाली असेल तर ती, करार किंवा भाड्याच्या यूपीआय नोंदी, मालकाला पाठवलेलं पत्र आणि पोस्टाची पावती सोबत न्या.